काँक्रीट ओतल्यावर काय तपासणार?

अणुवीज हवी की नको यावर भांडायला आपल्याकडे लोक कायम तयार असतात, जैतापूरचं नाव निघालं की दहा मिनिटांत एकाच घरातली दोन माणसं दोन टोकांना जाऊन बसतात. त्या भांडणात मी आज पडत नाहीये. मला बोलायचंय ते दोन्ही बाजूंनी सोडून दिलेल्या एका गोष्टीवर, की प्लांट बांधला जात असताना त्याची तपासणी कोण करतं, कशी करतं, आणि त्या तपासणीत काय सापडलं ते तुम्हाला मला कधी कळतं का. माझं मत सरळ आहे. चालू प्लांटच्या तपासणीइतकीच, किंबहुना काकणभर जास्तच, बांधकामातली तपासणी महत्त्वाची असते, कारण ती परत करता येत नाही. आणि ज्या गोष्टीला दुसरा चान्स नाही तिचे रिपोर्ट कपाटात ठेवायचे नसतात, ते लोकांसमोर आले पाहिजेत, लगेच आले पाहिजेत आणि त्या भागातल्या माणसाला वाचता येतील अशा भाषेत आले पाहिजेत.

मी सिव्हिलचा माणूस. अणुप्रकल्पावर कधी काम केलेलं नाही हे आधीच सांगतो, पण पूल, पाण्याच्या टाक्या, बिल्डिंगा यांच्या साइटवर वीसेक वर्षं काढलीयेत. ज्यांनी साइट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, काँक्रीट ओतायच्या आधी एक कागद भरायचा असतो, त्याला पोअर कार्ड म्हणतात. त्यावर रकाने असतात, सळई ड्रॉइंगप्रमाणे बांधलीय का, शटरिंग पक्कं आहे का, कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई शटरिंगला टेकू नये म्हणून ठेवायचे छोटे ठोकळे, लावलेत का, आतला कचरा काढलाय का, पाइप आणि इन्सर्ट जागेवर आहेत का. प्रत्येक रकान्यापुढे ठेकेदाराची सही आणि मालकाच्या इंजिनिअरची सही. सगळ्या सह्या झाल्या की मगच मिक्सर सोडायचा. कागद एवढासा, पण त्या सह्यांनंतर जे आत जातं ते पुढची पन्नास शंभर वर्षं कोणाला दिसणार नसतं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षातली गोष्ट. कोकणात खाडीवरच्या एका पुलाचं काम होतं, पिअर कॅप, म्हणजे पुलाच्या खांबाचा माथा, ओतायची होती. रात्रीचे साडेअकरा, पाऊस नुकताच थांबलेला, तीन ट्रान्झिट मिक्सर ड्रम फिरवत रांगेत उभे. मी सहज टॉर्च मारून शटरिंगच्या आत बघितलं तर एका कोपऱ्यात खालचे कव्हर ब्लॉक सळयांच्या वजनाने फुटलेले, आणि सळई थेट शटरिंगला टेकलेली. तिथे पन्नास मिलिमीटरची मोकळी जागा हवी, माझं बोटसुद्धा आत जात नव्हतं. खाडीच्या खाऱ्या हवेत ती जागा म्हणजे सळईचं चिलखत असतं. मी म्हटलं थांबा, हे दुरुस्त करून घेऊ. सुपरवायझर म्हणाला, साहेब माल सेट होईल, तीन गाड्या फेकून द्याव्या लागतील, आणि कार्डवर तर सही झालीय. बघितलं तर खरंच सही होती, दुपारी चारची, म्हणजे ती बाजू बंद व्हायच्या आधीची. मी वरच्या साहेबांना फोन लावला, ते झोपेतून उठले आणि म्हणाले, ओता. ओतलं. काही दिवसांनी शटरिंग काढलं तर काँक्रीट इतकं गुळगुळीत आलं होतं की सगळे खूश. तो पूल आजही आहे, त्यावरून एसटी जाते, मीही गावी जाताना त्यावरूनच जातो आणि दर वेळी त्या कोपऱ्याकडे बघतो. बाहेरून काहीही दिसत नाही, आणि बांधकामातला दोष असाच असतो, तो बाहेरून दिसत नाही.

आता हेच अणुभट्टीच्या घुमटाला लावून बघा. आणि हे कल्पनेतलं नाहीये, आपल्या शेजारी घडलेलं आहे. कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी कैगाचा अणुवीज प्लांट, गोव्याच्या काणकोणपासून फार लांब नाही. तिथे १३ मे १९९४ ला पहिल्या युनिटच्या आतल्या कंटेनमेंटच्या डोमचा खालचा थर सुटला आणि सुमारे १३० टन काँक्रीट जवळजवळ ३० मीटर उंचीवरून खाली आलं. कामगार जखमी झाले, जीव कोणाचा गेला नाही हे नशीब. भट्टीत इंधन भरलेलं नव्हतं, त्यामुळे किरणोत्सर्गाचा प्रश्नच नव्हता. पण कंटेनमेंट म्हणजे काय हे लक्षात घ्या, आत काहीही बिघडलं तरी किरणोत्सर्ग बाहेर जाऊ नये म्हणून असलेलं ते शेवटचं कवच. ते चालू व्हायच्या आधीच, नुसतं स्वतःच्या ताणाने सुटलं.

कसं सुटलं ते समजून घेण्यासारखं आहे. डोम होता सुमारे ३४० मिलिमीटर जाडीचा, प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे काँक्रीटमध्ये आधी नळ्या ठेवायच्या आणि नंतर त्यांतून पोलादी केबल घालून प्रचंड ताकदीने ओढायच्या, त्यामुळे काँक्रीट सतत दाबात राहतं आणि तडकत नाही. सरळ केबल ओढली तर ती सरळ दाब देते. पण घुमटात केबल वाकडी असते, आणि वाकडी दोरी ताणली की ती सरळ व्हायला बघते, म्हणजे आतल्या बाजूला रेटा देते. जिथे नळ्या जवळ जवळ येतात तिथे त्या पातळीवर काँक्रीट आधीच कमी, निम्मी जागा नळ्यांनी खाल्लेली. त्यात जाडीच्या दिशेने, वरचा आणि खालचा थर एकमेकांना धरून ठेवणारी सळई पुरेशी नसेल तर केबल ताणता ताणता खालचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. जुन्या भिंतीचा पोपडा निघतो ना, तसं, फक्त इथे पोपडा १३० टनांचा.

पुढे डोम नव्याने डिझाइन केला, जाडी वाढवली, आडव्या थरांना बांधणारं स्टील वाढवलं, सिलिका फ्यूम नावाची बारीक पूड घातलेलं एम-६० हे जास्त ताकदीचं काँक्रीट वापरलं. राजस्थानात रावतभाट्याला तसेच डोम होणार होते त्यांचंही डिझाइन बदललं. कैगाचं दुसरं युनिट मार्च २००० ला आणि ज्याचा डोम पडला ते पहिलं नोव्हेंबर २००० ला व्यावसायिक उत्पादनात आलं. या दुरुस्तीचं श्रेय मी आपल्या इंजिनिअरांना मनापासून देतो, काम चांगलं झालं.

पण मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. कैगाच्या चोवीस वर्षं आधी, १९७० मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात टर्की पॉइंटच्या तिसऱ्या युनिटचा डोम बांधकामातच असा थर सुटून फाटला होता. १९७६ मध्ये फ्लोरिडातच क्रिस्टल रिव्हरला पुन्हा तेच, पुन्हा डोमच. म्हणजे वाकड्या केबलचा रेटा आणि मधे कमी पडणारं स्टील, हा रोग जगाला माहीत झालेला होता, त्याच्यावर लिहिलं गेलं होतं. तरी आपल्याकडे तो ड्रॉइंगमधून पास झाला, साइटवर पास झाला, आणि खाली पडल्यावर कळला. इथे पोअर कार्डवरच्या सगळ्या सह्या प्रामाणिक असत्या तरी फरक पडला नसता, कारण काम ड्रॉइंगप्रमाणे आहे का एवढंच कार्ड विचारतं, ड्रॉइंग बरोबर आहे का हे विचारत नाही. म्हणून तपासणी म्हटलं की हेल्मेट घालून साइटवर फेरी मारणारा माणूस एवढंच डोळ्यासमोर आणू नका. डिझाइन करणाऱ्याशी काही देणंघेणं नसलेल्या दुसऱ्या माणसाने तेच गणित पहिल्यापासून करून बघणं, ही पण तपासणीच आहे, आणि कैगाच्या बाबतीत तीच वाचवू शकली असती.

क्रिस्टल रिव्हरचं पुढचं तर ऐका. २००९ मध्ये आतले स्टीम जनरेटर बदलायचे म्हणून कंटेनमेंटच्या भिंतीला भोक पाडलं तर भिंतीतही थर सुटलेला निघाला. दुरुस्त केलं, २०११ मध्ये केबल परत ताणायला घेतल्या तर दुसऱ्या ठिकाणी सुटलं, आणि शेवटी २०१३ मध्ये कंपनीने तो प्लांट कायमचा बंद करायचं जाहीर केलं. चांगला चालणारा प्लांट, काँक्रीटपायी संपला.

आता जैतापूरकडे येऊ, कारण राजापूर तालुक्यात माडबनला ज्या ईपीआर, म्हणजे फ्रेंच बनावटीच्या मोठ्या भट्ट्या यायच्यात, सहा, प्रत्येकी १६५० मेगावॅट, एकूण ९९००, त्याच डिझाइनची भट्टी फ्रान्सने स्वतःच्या घरी फ्लामनव्हिलला बांधली. काम डिसेंबर २००७ ला सुरू, २०१२ ला चालू करायची होती, ग्रिडला जोडली गेली २१ डिसेंबर २०२४ ला. बारा वर्षं उशीर. लोक याला सरकारी लालफीत म्हणतात, तपासणीवाल्यांनी छळलं म्हणतात. जरा कागद बघू. मे २००८ मध्ये, काम सुरू होऊन सहा महिने झालेले, फ्रान्सच्या नियामक संस्थेच्या, म्हणजे तेव्हाच्या एएसएनच्या इन्स्पेक्टरांना सळईच्या बांधणीत चुका सापडल्या आणि त्यांनी सुरक्षेशी संबंधित भागांचं काँक्रीट ओतणं थांबवलं. काही आठवडे काम बंद. माझ्या त्या पुलावर जे व्हायला हवं होतं, अगदी तेच. मग २०१५ मध्ये जाहीर झालं की भट्टीच्या पोलादी भांड्याच्या झाकणात आणि तळात कार्बनचं प्रमाण जागोजागी जास्त आहे, म्हणजे तिथलं पोलाद हवं तेवढं चिवट नाही. भांडं तोवर जागेवर बसवलेलं होतं. पुढे अभ्यास, चाचण्या, आणि शेवटी निर्णय असा की तळ ठेवायचा, झाकण मात्र काही वर्षांनी बदलायचं. ज्या कारखान्यात हे भाग घडवले तिथल्या क्वालिटीच्या फायलींमध्ये गडबड केल्याचं २०१६ मध्ये बाहेर आलं.

आणि वेल्डिंग. वाफेच्या मुख्य पाइपांचे आठ वेल्ड असे होते की ते कंटेनमेंटच्या दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत अडकलेले. दर्जा हवा तसा नव्हता. प्लांट बांधणारी ईडीएफ कंपनी म्हणत होती की दुरुस्ती भट्टी चालू केल्यावर बघू, जून २०१९ मध्ये नियामकाने सांगितलं, नाही, आधी दुरुस्ती. हात पोचत नव्हता म्हणून त्यासाठी खास रोबोट वापरावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ईडीएफने प्रकल्पाच्या खर्चाचा अंदाज दीड अब्ज युरोंनी वाढवून १२.४ अब्जांवर नेला, सुरुवातीला तो ३.३ अब्ज होता. तर उशीर तपासणीमुळे झाला का? मे २००८ मधला थांबा आठवड्यांचा होता, कारण चूक काँक्रीटच्या आधी सापडली. वेल्डचा थांबा वर्षांचा होता, कारण चूक भिंती उभ्या राहिल्यावर सापडली. उशिराचा खरा हिशोब इथे आहे.

फिनलंडचंही तेच, ओल्किलुओटोला २००५ मध्ये पायाच्या स्लॅबच्या काँक्रीटवरूनच प्रश्न उभे राहिले, २००९ ला चालू व्हायची भट्टी नियमित उत्पादनात यायला २०२३ उजाडलं. त्यांच्या नियामकाने २००६ मध्येच चौकशी करून रिपोर्ट छापला, की उपठेकेदारांना अणुप्रकल्पाच्या कामाचा दर्जा म्हणजे काय हे कळलेलंच नाही. छापला, लोकांसमोर. हे महत्त्वाचं.

दक्षिण कोरियात तर सळई आणि वेल्ड दूर, सर्टिफिकेटंच खोटी निघाली. २०१३ मध्ये उघड झालं की सुरक्षेसाठी लागणाऱ्या कंट्रोल केबलचे टेस्ट रिपोर्ट बनावट आहेत, चालू भट्ट्या बंद कराव्या लागल्या, बांधकाम चालू असलेल्या शिन कोरी ३ आणि ४ मध्ये घातलेल्या केबल उपसून नव्या घालाव्या लागल्या. जवळजवळ शंभर लोकांवर खटले भरले. कोरियासारख्या शिस्तीच्या देशात हे होऊ शकतं तर आपल्याकडे होणारच नाही असं कोणी छातीठोकपणे सांगू नये.

मग आपल्याकडे व्यवस्था काय आहे? अणुऊर्जा नियामक मंडळ, एईआरबी, १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. परवानग्या टप्प्याटप्प्याने दिल्या जातात, आधी जागेची, मग बांधकामाची, त्यातही खोदाई, पहिलं काँक्रीट, मोठी यंत्रं बसवणं असे थांबे, मग चाचण्या, इंधन भरणं. कागदावर रचना चांगली आहे, जगात असते तशीच आहे. तिथे काम करणारी बहुतेक माणसं हुशार आणि प्रामाणिक आहेत याबद्दल मला शंका नाही. पण मंडळ आजवर रिपोर्ट करत आलं अणुऊर्जा आयोगाला, आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव, आणि प्लांट बांधणारी एनपीसीआयएल त्याच विभागाची कंपनी. म्हणजे ज्याच्या कामावर सही द्यायची तो आणि ज्याच्याकडे तक्रार न्यायची तो, एकाच घरचे. मुंबईत कधी अणुशक्तीनगरला गेलात तर बघा, नियामक मंडळाचं नियामक भवन तिथेच आणि एनपीसीआयएलचं नाभिकीय ऊर्जा भवनही तिथेच. कोणी कोणाला भेटतं असा आरोप मी करत नाहीये. पण माझ्या पुलावर सही करणारा इंजिनिअर आणि ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी एकाच टपरीवर चहाला असायचे, आणि चहा पिऊन आल्यावर ‘हे तोडून परत कर’ म्हणणं किती जड जातं ते मी बघितलंय.

२०१२ च्या कॅगच्या अहवालात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे, की मंडळाला स्वतंत्र कायदेशीर दर्जा नाही, नियम करायचा अधिकार नाही, १९८३ मध्येच सांगितलेलं सुरक्षा धोरण एकोणतीस वर्षांत तयार झालं नाही, आणि दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपये. पाचशे रुपये! आमच्या सोसायटीत चुकीच्या जागी गाडी लावली तर याहून जास्त भरावे लागतात. त्याआधी २०११ मध्ये, फुकुशिमानंतर, स्वतंत्र नियामकाचं विधेयक लोकसभेत आलं होतं, ते २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं.

आता डिसेंबर २०२५ मध्ये अणुऊर्जेचा नवा कायदा, शांती कायदा, झाला, १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा दोन्ही गेले, खाजगी कंपन्यांना दार उघडलं, आणि नियामक मंडळाला अखेर कायद्याने दर्जा मिळाला. या शेवटच्या गोष्टीचं मी स्वागत करतो, उशिरा का होईना झालं. पण माहिती गोपनीय ठरवण्याचा अधिकार सरकारने याही कायद्यात स्वतःकडे ठेवलाय. आणि उद्दिष्ट आहे २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं, आज आपली क्षमता ९ गिगावॅटच्या आसपास. म्हणजे पुढच्या वीस बावीस वर्षांत आजच्या दहापट बांधायचं, नव्या ठेकेदारांकडून, नव्या मालकांसाठी, घाईत. घाई, नवा ठेकेदार आणि तारखेचा दबाव, साइटवर काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, हे तीन एकत्र आले की पोअर कार्डचं काय होतं.

म्हणून माझी मागणी रिपोर्टांची आहे. फ्रान्समध्ये इन्स्पेक्टर साइटवर जाऊन आला की काही आठवड्यांत त्याचं कंपनीला लिहिलेलं पत्र नियामकाच्या वेबसाइटवर येतं, कोणत्या तारखेला गेलो, काय बघितलं, काय चुकलं, कधीपर्यंत उत्तर द्या. अमेरिकेतही रिपोर्ट उघड असतात, जॉर्जिया राज्यात व्होगल अणुप्लांटच्या तिसऱ्या युनिटवर सुरक्षेच्या केबल एकमेकींपासून हव्या त्या अंतरावर नाहीत हे २०२१ मध्ये तिथल्या नियामकाने जाहीरपणे नोंदवलं, भट्टी चालू व्हायच्या आधी. त्याने अमेरिकेची सुरक्षा धोक्यात आली नाही. आपल्याकडे वार्षिक अहवाल येतो, त्यात इतक्या तपासण्या झाल्या, अमुक प्रकारच्या त्रुटी आढळल्या, असं एकगठ्ठा लिहिलेलं असतं. कोणत्या भिंतीत, कोणत्या वेल्डमध्ये, कोणी दुरुस्त केलं, कोणी परत तपासलं, हे त्यातून कळत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की हे संवेदनशील आहे, शत्रूच्या हाती पडेल. पहारा कुठे असतो, कंट्रोल रूमच्या कुलपांची रचना काय, हे झाका ना, कोण नको म्हणतंय. पण सळयांमधलं अंतर दीडशेऐवजी दोनशे मिलिमीटर निघालं, यात शत्रूच्या उपयोगाचं काय आहे? दुसरं उत्तर असं की लोक घाबरतील, अर्धवट वाचून अफवा पसरवतील. मी कोकणातलाच आहे, जैतापूरच्या आंदोलनाचे दिवस मी पाहिलेत, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटेला गोळीबारात एक माणूस गेला तेव्हाची गावागावातली हवा मला आठवते. लोक घाबरले होते ते काही सांगितलं जात नव्हतं म्हणून. माहिती मिळाली म्हणून घाबरलेला माणूस मला तरी तिथे भेटला नाही. मच्छीमार बाई तुमच्याइतकीच हुशार असते, तिला ‘या वेल्डमध्ये चूक होती, कापून परत केला, या तारखेला तपासला’ असं मराठीत सांगा, ती समजून घेईल, आणि पुढच्या वेळी कोणी अफवा आणली तर तीच कागद दाखवेल.

आणि प्लांटच्या बाजूने बोलणाऱ्यांना माझं वेगळं सांगणं आहे. तुम्हाला अणुवीज हवीय ना, मग कडक तपासणीची मागणी तुम्हीच सगळ्यात आधी करायला हवी. कैगाचा डोम विरोधकांनी पाडला नव्हता. क्रिस्टल रिव्हर मोर्च्यांनी बंद झाला नाही.

इन्स्पेक्टरला काम थांबवायचा अधिकार असतो, पण अधिकार वापरायला पाठीशी कोणी लागतं. त्या रात्री माझ्या पाठीशी कोणी असतं, म्हणजे उद्या सकाळी हा कागद लोकांना दिसणार आहे एवढं जरी मला आणि माझ्या साहेबांना माहीत असतं, तर फोनवर ‘ओता’ इतक्या सहज आलं नसतं. उघड रिपोर्टचा खरा उपयोग हाच आहे, तो वाचणाऱ्याच्या आधी लिहिणाऱ्याला बळ देतो. शिवाय साइटवर तक्रार करणाऱ्या वेल्डरला, फोरमनला नोकरी न गमावता सरळ नियामकाकडे जाता आलं पाहिजे, कारण कव्हर ब्लॉक फुटलाय हे सगळ्यात आधी त्यालाच दिसतं, आणि तो बहुतेक वेळा झारखंड नाहीतर ओडिशातून आलेला, ठेकेदाराच्याही ठेकेदाराकडे रोजंदारीवर असतो.

कैगालाच आता ५ आणि ६ नंबरची, ७०० मेगावॅटची युनिटं हाती घेतलीयेत. त्यांचे डोम ओतायला अजून वेळ आहे. ते ओतायच्या आधी डिझाइन कोणी स्वतंत्रपणे तपासलं, केबल ताणताना कुठे काय मोजलं, पोअर कार्डवर सही किती वाजता झाली, हे सगळं कारवारच्या माणसाला कन्नडमध्ये आणि कोकणीत आणि काणकोणच्या माणसाला मराठीत घरी बसून वाचता यावं. कायदा नवा आहे, मंडळाला दर्जा मिळालाय, वेबसाइट आहे. पहिलं पत्र टाकायला अजून कशाची वाट बघायची?